गाळलेला महिना

वडवणीसारख्या लहान गावात पंचांग जाणणाऱ्या माणसाची सकाळ स्वतःची नसते. देवपूजा आटोपून ओसरीवर येऊन बसावे, तर कोणी ना कोणी पायरीशी उभे असते. एकादशी आज धरायची की उद्या, वडिलांचे श्राद्ध कोणत्या वारी येते, विहिरीच्या कामाला नारळ कधी फोडावा. बालपणी पाठशाळेत शिकलो, पुढे शाळेत संस्कृत शिकवले, निवृत्तीलाही आता बराच काळ लोटला. पण गावाने माझ्याकडे नित्य मागितली ती तिथीच, आणि मी ती कधी चुकीची दिली नाही. हे वाक्य लिहिताना लेखणी किंचित अडते. ज्या मोजणीने माझ्या पत्नीचे प्राण कंठाशी आणले, तीही शास्त्राच्या दृष्टीने चुकीची नव्हती.

ज्या वर्षी श्रावण दोन आले, त्या वर्षीच्या ज्येष्ठात या सर्वाचा आरंभ झाला. भर दुपारी, पत्रे तापलेले असताना, तिने मला गोधडी मागितली. मी दोन गोधड्या घातल्या, तरी तिचे दात एकमेकांवर आपटत होते. तासाभराने घाम येऊन ताप उतरला आणि ती उठून ताक करायला गेली. असे तीन दिवस झाले. लघवी गडद होत आहे, अंगाला खाज सुटते आहे, हे तिने मला सांगितले नाही. बीडला राहणाऱ्या आमच्या मुलीला फोनवर सांगितले. बायकांच्या काही गोष्टी नवऱ्यापर्यंत फार उशिरा पोहोचतात, आणि पन्नास वर्षांच्या संसारातही मी त्यांची वाट सोपी केली नव्हती.

तिचे डोळे पिवळे पाहून शेजारच्या बाईंनी काविळीची माळ आणून दिली. वनस्पतीच्या काड्यांची ही माळ डोक्यावर ठेवतात; ती लांबत लांबत गळ्यात उतरते आणि तिच्याबरोबर कावीळही उतरते, असा समज आमच्याकडे दृढ आहे. मी ती माळ नम्रपणे परत केली. असल्या उपायांवर माझी श्रद्धा नाही, देवावर आहे, असे त्यांना सांगितल्याचे मला स्पष्ट आठवते. त्या उत्तराचे मला त्या वेळी समाधान वाटले होते.

मुलगी येऊन आईला बीडला घेऊन गेली, मीही गेलो. सोनोग्राफी झाली. पित्ताची पिशवी पूर्वीच शस्त्रक्रियेने काढलेली होती, त्यामुळे तिला निदान पटेना.

"पिशवीच नाही, तर खडा राहतो कुठं?" तिने डॉक्टरांना विचारले.

"मावशी, घर पाडलं तरी रस्ता राहतो ना? यकृतातून आतड्याकडं पित्त नेणारी वाट आहे. खडे त्या वाटेत बसलेत."

"मग वाटेतल्या धोंड्याला उठवा की. आमच्या गावात तर धोंडा दिसला की शेंदूर लावतात."

डॉक्टर हसले. मुलगी हसली नाही. ती कागदावरचे आकडे वाचत होती. त्याच दिवशी आम्हाला छत्रपती संभाजीनगरला जायला सांगण्यात आले. पोट न फाडता, तोंडातून दुर्बीण घालून ते खडे काढणारे डॉक्टर तिथे होते.

ते डॉक्टर वयाने तरुण आणि बोलण्यात मोजके होते. त्यांनी एका कागदावर आकृती काढून मला समजावले. दुर्बीण घशातून, जठरातून खाली जाईल. पित्ताची वाट आतड्याला जिथे मिळते, तिथे एक लहान तोंड असते. त्या तोंडाला किंचित छेद द्यायचा, वाटेत औषध सोडून क्ष-किरणांच्या पडद्यावर खडा पाहायचा आणि तारांच्या जाळीत धरून आतड्यात ओढायचा. मग त्यांनी संमतीचा कागद पुढे केला आणि जे घडू शकते तेही सांगितले. रक्तस्राव होऊ शकतो. आतडे फाटू शकते. स्वादुपिंडाला सूज येऊन ती जीवावर बेतू शकते. हे क्वचित घडते; पण कोणाच्या बाबतीत घडेल ते आधी सांगता येत नाही.

मी सही केली. अक्षर माझे वाटत नव्हते.

तिला आत नेल्यावर मी बाहेरच्या बाकावर नित्यपाठ आरंभिला. तोंडपाठ असलेल्या स्तोत्रात मी दोनदा अडखळलो आणि दोन्ही वेळा पहिल्यापासून सुरू करावे लागले. मध्येच मला बोलावून पडद्यावरचे स्थिर चित्र दाखवण्यात आले. राखाडी अंधारात एका वृक्षाच्या शाखांसारखी यकृतातील वाट दिसत होती आणि खोडाच्या जागी तीन पोकळ डाग होते. जे देहात इतके खोल आहे, ज्याला त्या देहाच्या धन्यानेही पाहू नये, ते मी उभ्याने पाहत होतो. देवळाच्या गाभाऱ्यात चप्पल घालून शिरल्यासारखे वाटून मी मान खाली घातली.

"दोन खडे निघाले," डॉक्टर म्हणाले, "तिसरा वाटेपेक्षा मोठा आहे. आत पू झालाय, त्यामुळं आज ओढाताण करत नाही. पित्त वाहतं राहावं म्हणून प्लॅस्टिकची बारीक नळी बसवलीय, तिला स्टेंट म्हणतात. तीन महिन्यांनी या. स्टेंट काढू आणि राहिलेला खडा फोडून काढू."

"तीन महिन्यांनी," मी म्हणालो.

"तीन म्हणजे तीन, काका. ही नळी कायमची नाही. ती आतून तुंबत जाते. पूर्ण तुंबली की पित्त उलटं फिरतं, आणि दुसऱ्या वेळचा ताप आपल्याला एवढा वेळ देत नाही."

त्यांच्या खोलीतून बाहेर आल्यावर मी स्ट्रेचरवरची ती पाहिली. तोंड किंचित उघडे, ओठांच्या कडेला रक्ताची एक सुकलेली रेघ, आणि चेहऱ्यावर मला अनोळखी असलेली शांतता. ती गुंगीत होती, इतकेच. पण दहनापूर्वी पायाशी उभे राहून मी आजवर जितके चेहरे पाहिले, त्यांच्याशी या चेहऱ्याचे साम्य मला तत्क्षणी दिसले आणि ते नंतर डोळ्यांपुढून हलले नाही.

घरी आल्यावर मी पंचांग उघडले. नळी घातली ती ज्येष्ठ वद्य दशमीला. आषाढ वद्य दशमीला एक महिना, श्रावण वद्य दशमीला दोन, भाद्रपद वद्य दशमीला तीन. मध्ये अधिक श्रावण येत होता. तो मी गाळला.

हे अनवधानाने झाले नाही. अधिक मास हा मोजणीबाहेरचा महिना, हे माझ्या हाडीमासी खिळले होते. त्या वर्षीचा चातुर्मास पाच महिने चालणार होता आणि तरीही त्याला चातुर्मासच म्हणणार होते. पायरीशी येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगत होतो की नेम चार महिन्यांचा असेल तर मधला महिना आगंतुक समजावा, नेम पुढे न्यावा. मग माझ्याच घरातील तीन महिने निराळ्या रीतीने कसे मोजणार? भाद्रपद वद्य नवमीला माझ्या आईचे श्राद्ध असते. ते आटोपून दशमीला निघावे, हेही सोयीचे होते. मी त्या तिथीपाशी शिसपेन्सिलीने एक टिंब केले.

"अण्णा, इंग्रजी तारीख कोणती येते?" मुलीने फोनवर विचारले.

"भाद्रपद वद्य दशमी. जवळ आली की इंग्रजी पाहू."

"नक्की ना?"

"तिथी मोजायला मी आता तुझ्याकडून शिकू का?"

शिकवणी वर्गात शेकडो मुलांना गणित शिकवणारी माझी मुलगी वडिलांच्या मोजणीपुढे गप्प झाली, कारण त्या मोजणीला आमच्या घरात कोणी कधी हात लावला नव्हता. पत्नीने तर विचारलेही नाही. "तुम्ही म्हणाल त्या दिवशी," एवढेच म्हणाली. मात्र पेन्सिलीचे टिंब नवमीच्या शेजारी पाहून तिने एकदा मला टोकले. सुवासिनीपणी गेलेल्या स्त्रियांचे श्राद्ध त्या नवमीला करतात.

"अहो, नवमीच्या आधी नेलंत तर बरं. नाहीतर सासूबाईंच्या पंगतीला माझंही पान वाढावं लागेल."

"असलं अभद्र बोलू नये."

"अभद्र काय त्यात? सासू-सून एका पंगतीला बसू. एवढ्या वर्षांत तेवढंच राहिलंय."

ती हसत चुलीकडे वळली. मी देवघरात जाऊन उगीचच समईची वात सारखी केली.

अधिक महिना लागला आणि तिचा उत्साह वाढला. रंग उजळला होता, भूक लागत होती. महिनाभर एकभुक्त राहण्याचा तिने नेम धरला. तेहतीस अनारसे केले, तुपातले. स्वतः एक कणही न चाखता ते दिव्यासह जावयाला वाण म्हणून दिले, कारण डॉक्टरांनी तळलेले वर्ज्य सांगितले होते. खाण्याच्या बाबतीत डॉक्टरांचा शब्द आम्ही अक्षरशः पाळला. बारीकसारीक आज्ञा निष्ठेने पाळणारा माणूस मोठी आज्ञा मोडत असला तरी त्याला ते जाणवत नाही.

तिच्यासाठी पपई घ्यायला मी बसस्थानकाजवळच्या फळगाड्यावर जात असे. तो फळवाला मुसलमान गृहस्थ, वयाने माझ्याच बरोबरीचा. पूर्वी त्याची दोन मुले माझ्या वर्गात होती. ज्येष्ठात आम्हाला बीडच्या गाडीत बसवून देणाराही तोच.

"गुरुजी, बाईंची तब्येत कशी हाय?"

"ईश्वरकृपेने उतार आहे."

"नळी काढली का न्हाई?"

"भाद्रपदात काढायची. तीन महिने सांगितलेत."

त्याने पपई तराजूत ठेवली आणि हात तसाच राहू दिला. "बकरी ईदच्या आधी गेलतो ना मी तुमाला गाडीत बसवायला? ईदचा चांद बी निघाला नव्हता." तो बोटांची पेरे मोजू लागला. "ईदचा एक. मोहरम. सफर. सफरचा चांद सरायच्या आत तीन भरत्यात, गुरुजी. तुमचा भादवा कावून एवढा लांब गेला?"

मी त्याला अधिक मास समजावून सांगितला. चांद्र वर्ष सौर वर्षाहून लहान पडते, म्हणून ठरावीक काळाने एक महिना जास्तीचा धरावा लागतो, आणि तो नेमधर्मात गाळतात. त्याने मनापासून ऐकले.

"आमच्यात असला जादाचा महिना न्हाई. चांद दिसला की महिना लागला."

"म्हणून तर तुमची ईद कवा थंडीत कवा उन्हाळ्यात फिरती, चाचा," केळी घेणारा एक मेंढपाळ म्हणाला.

"फिरती तर फिरू दे बे. आमी कुणाला गाळीत तर न्हाई."

भोवतीची माणसे हसली, मीही हसलो. मेंढपाळ गेल्यावर तो आवाज खाली करून म्हणाला, "माझ्या भावजयीला बी असलीच नळी घातलती. पोटातल्या नळीला काय ठावं, गुरुजी, धोंड्याचा महिना कोणता?"

मी पुन्हा हसलो. तो हसला नाही. पपईचे पैसे घेताना त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले नाही.

घरी येताना त्याचे वाक्य माझ्यासोबत चालत आले. त्या सायंकाळी मी पंचांग घेऊन बसलो आणि ते न उघडताच परत ठेवले. आज मला माहीत आहे की उघडले असते तर काय दिसले असते. मला तेव्हाही माहीत होते.

निज श्रावणाच्या वद्य पक्षात रुग्णालयातून फोन आला. बोलणारी मुलगी आवाजावरून अगदी लहान वाटत होती.

"काका, पेशंटचा स्टेंट काढायचाय. कधी येताय?"

"अजून एक महिना अवकाश आहे, बाळ."

"आमच्याकडं तर याच आठवड्यात दाखवतंय."

"तुमच्या यंत्राला अधिक मास ठाऊक नसतो."

ती हसली. "बरं काका. पण लवकर या हं."

"कोणाचा फोन होता?" पत्नीने आतून विचारले.

"सहज चौकशीचा," मी म्हणालो.

असत्य भाषण मी आयुष्यात फार थोडे केले असेल. त्यातले हे सर्वांत लहान होते, आणि करताना जीभ जराही अडखळली नाही.

भाद्रपद लागला. आमच्याकडे महालक्ष्म्यांचा सण मोठा. ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी माहेरवाशिणी म्हणून येतात, तीन दिवस राहतात. मुखवटे उजळणे, साड्या नेसवणे, सोळा भाज्या, पुरणावरणाचा स्वयंपाक. मुलगी मदतीला आली होती. सणाच्या आधीच्या दिवसांत पत्नी रवीच्या दांड्याने तळहात खाजवताना मी पाहिली. डाळ शिजवताना हात भाजला असेल, असे मनाशी म्हणालो. तिची नखे पिवळी दिसली, तर ती हळद वाटली. हळदीकुंकवाच्या घरात, पुरणाच्या दिवसांत, पिवळा रंग कोणाच्या नजरेत भरणार?

पूजनाच्या दिवशी दुपारी महालक्ष्म्यांपुढे ताटे मांडली जात होती. पुरणाचे पातेले उचलताना तिने ते एकाएकी खाली ठेवले आणि भिंतीला टेकली. मग तिचे अंग हलू लागले. ज्येष्ठातल्याहून हे कापरे निराळे होते. बांगड्यांचा आवाज ओसरीपर्यंत येत होता.

मुलीने आईच्या गळ्याला हात लावला आणि तिला दाराच्या उजेडात वळवले. खालची पापणी ओढून डोळा पाहिला.

"अण्णा, गाडी बोलवा. आत्ता."

"आधी नैवेद्य," पत्नी म्हणाली. शब्द तुटत होते. "दोघी पोरी वर्षभराच्या वाटेवरून आल्यासारख्या उभ्या आहेत. त्यांना उपाशी ठेवून मी कुठं जाऊ?"

"आई, तुला कळतंय का काय होतंय?"

"मला कळतंय. अहो, तुम्ही नैवेद्य दाखवा."

माझ्या मुलीने माझ्याकडे पाहिले. मी एक शब्द बोललो असतो तर पत्नीने ऐकले असते. देवाच्या गोष्टीत ती माझाच शब्द शेवटचा मानी. मी पळी हातात घेतली. नैवेद्य दाखवला, आरती केली, एकही कडवे गाळले नाही. आरती संपली तेव्हा तिचे कापरे थांबले होते, आणि त्याने मला क्षणभर हायसे वाटले. मुलीने तिची नाडी धरली होती. ती म्हणाली, "थांबलं नाहीये, अण्णा. अंगात ताकद राहिली नाही हलायची."

सणाच्या दिवशी वाहन मिळेना. फळवाल्याला कळताच तो भावाची जीप घेऊन आला आणि स्वतः चाकावर बसला. मला त्याने एक शब्दही विचारला नाही. बीडला थांबलो; तिथल्या डॉक्टरांनी सलाईन लावले, रक्तदाब पाहिला आणि पुढे फोन करून ठेवला. गेवराई मागे पडली. शहागडच्या पुलावर गोदावरी आली तेव्हा सवयीने माझे हात जोडले गेले. ती डोळे मिटून पडली होती. ती अचानक म्हणाली, "दादा, गाडी थांबवा. माझी ओटी भरायची राहिली."

दादा म्हणजे तिचे वडील. त्यांना जाऊन कितीतरी वर्षे झाली.

"भरू हं, पुढं गेल्यावर भरू," मुलगी म्हणाली आणि तिने खिडकीकडे तोंड फिरवले. फळवाल्याने गाडीचा वेग वाढवला.

या खेपेस संमतीच्या कागदावर मुलीने सही केली. बाक तोच होता. मी पाठ आरंभिला नाही. मला आरंभ करण्याची लाज वाटली. दुर्बीण आत असताना रक्तदाब दोनदा घसरला, हे नंतर कळले. त्या वेळी फक्त दार उघडे, कोणीतरी लगबगीने आत जाई, दार मिटे. एकदा दार उघडले तेव्हा यंत्राचा एक सूर कानावर आला आणि तो पुन्हा येईपर्यंतचा अवकाश मला पार करवेना.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. हातात स्टीलची एक वाटी होती. तिच्यात काळपट हिरव्या गाळाने भरलेली, करंगळीएवढ्या लांबीची एक नळी पडली होती.

"पूर्ण बंद," ते म्हणाले. "काढल्याबरोबर मागून पू आला. नवीन स्टेंट घातलाय. खड्याला आज हात लावला नाही, त्यांना ते सोसलं नसतं. दोन दिवस अतिदक्षता विभागात ठेवू. मी आत्ता काही सांगत नाही."

मग त्यांनी माझ्यासमोर बसून, अगदी हळू विचारले, "काका, तीन महिने सांगितले होते ना?"

"हो."

"तीन केव्हाच उलटले. आमचा फोनही आला होता."

"आला होता."

"कोणता फोन?" मुलगी म्हणाली.

मी अधिक मासाची मोजणी सांगू लागलो. चातुर्मासाचा दाखला अर्ध्यावर आला आणि माझा आवाज मलाच ऐकू आला. मी थांबलो. मग जे खरे होते ते सांगितले. मोजणी दोन प्रकारे करता येत होती. स्ट्रेचरवरचा तो चेहरा मला पुन्हा पाहायचा नव्हता. एका मोजणीने तो एक महिना दूर जात होता. मी ती मोजणी घेतली आणि तिला शास्त्राचे वस्त्र नेसवले.

"माझी आईही धोंड्याचा महिना पाळते," डॉक्टर म्हणाले. "मला एक फोन करून विचारायचं होतं, काका. एवढंच." ते उठून आत गेले. त्यांनी रागावायला हवे होते.

दोन दिवसांचे चार झाले. पाचव्या दिवशी तिने डोळे उघडून ओळख दाखवली. डोळ्यांतला पिवळेपणा कमी झाला होता, पण चेहरा इतका लहान झाला होता की उशीवर फक्त कुंकू दिसे. महालक्ष्म्यांचे विसर्जन कोणी केले, हे तिने पहिल्यांदा विचारले. शेजारच्या बाईंनी, असे मुलीने सांगितले. दुसरा प्रश्न तिने मला केला. मुलीने तिला सर्व सांगितले होते.

"महिना गाळताना मला विचारलंत का?"

मी तिच्या पांघरुणाचे टोक सारखे केले.

"भीती तुम्हाला वाटली, ते मी समजू शकते. मलाही वाटत होती. पण पोट माझं होतं. मला विचारलं असतं तर मी महिना धरला असता."

"मला क्षमा कर."

"केली," ती म्हणाली, आणि तोंडाला कोरड पडली होती म्हणून चमच्याने पाणी मागितले. मी पाणी दिले. मग ती म्हणाली, "डॉक्टरांना आत पाठवा, आणि तुम्ही थोडं बाहेर बसा."

मी बाहेर बसलो. दाराच्या काचेतून मला दिसत होते. डॉक्टर सांगत होते, मुलगी लिहून घेत होती, पत्नी मान हलवत होती. पुढच्या वेळी कधी यायचे, ते ठरत होते. ही खेप पहिलीपेक्षा अवघड असेल. मोठा खडा आतच फोडावा लागेल, आणि तिच्या अंगात आता फारसे बळ नाही, इतके मला नंतर सांगण्यात आले. दिवस सांगण्यात आला नाही. या वेळी तीन महिने थांबायचे नाही, लवकर बोलावले आहे, एवढे मुलगी म्हणाली. किती लवकर, ते मी विचारले नाही.

त्याला आता काही आठवडे झाले आहेत. ओसरीवर अजूनही माणसे येतात, मी त्यांना तिथी सांगतो. घरात मात्र एक दिवस असा आहे, जो माझ्याखेरीज सर्वांना ठाऊक आहे. ती पथ्य सांभाळून जेवते, दुपारी पडून राहते, माझ्याशी पूर्वीसारखीच बोलते. मी तिच्याकडे पाहत नाही असे पाहतो. काल तिने प्रवासाची पिशवी उन्हात टाकली. आज सकाळी फळवाल्याचा निरोप आला की जीपच्या चाकांत हवा भरून ठेवली आहे. तिने तो निरोप ऐकला, मान डोलावली आणि न्हाणीघरात पाणी तापवायला गेली. मी ओसरीवर बसून राहिलो. रस्त्याने एखादी गाडी आली की ती आपल्या दाराशी थांबते का, ते ऐकत होतो.